कौशल्याचा खेळ : ऑनलाइन पोकरची पंचवीस वर्षे

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा तीन दिवसांत मार्गी लावला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा आणि २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्याने सरसकट बंदी आणली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचे मिश्रण असो, कायद्याने त्यात फरक केला नाही. आदल्याच महिन्यात आपल्या राज्यातल्या एका मंत्र्यांचा सभागृहात बसून मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. त्यांनी आरोप नाकारला, खाते मात्र बदलले. या गदारोळात एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. ‘कौशल्य की नशीब’ हा वाद आपल्याकडे जवळपास सत्तर वर्षे चालू होता आणि कायद्याने तो न सोडवता बाजूला सारला.

माझ्या मते हा वाद सोडवण्यासारखा नव्हताच. प्रश्नच चुकीचा होता. तो कसा, हे ऑनलाइन पोकरच्या इतिहासातून फार स्वच्छ दिसते. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

पत्त्यांचा आणि मुस्लिम जगाचा संबंध जुना आहे. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात मामलुक काळातल्या इजिप्तचा एक पत्त्यांचा संच आहे. एल. ए. मेयर या अभ्यासकाने तो गेल्या शतकात जगासमोर आणला. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्यात चार रंग. वरच्या पत्त्यांत मलिक आणि नायब. या ‘नायब’वरूनच स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. बाबरने आपल्या आठवणींत सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे, तर अबुल फज्लने अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या पत्त्यांचे वर्णन केले आहे. हाच गंजिफा पुढे गोल पत्त्यांवर दशावतार घेऊन आपल्या सावंतवाडीत स्थिरावला. पत्ते म्हणजे पापच, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांनी हा इतिहासही पाहावा.

कुरआनात ज्याला मनाई आहे ती ‘मैसिर’ला. हा शब्द मुळात एका ठराविक खेळाचा आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे लावत. दहा बाण असत. त्यातल्या सात बाणांना एक ते सात असे हिस्से, आणि तीन कोरे. ज्याचा कोरा बाण निघे त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकलेले लोक ते मांस बहुधा गरिबांना वाटून टाकत आणि त्याची फुशारकी मारत. सूरह बकरामध्ये दारू आणि मैसिर यांत लोकांसाठी काही फायदे आहेत पण त्यांचे पाप मोठे आहे असे म्हटले आहे, तिथे अनेक भाष्यकारांना हेच वाटलेले मांस आठवते. म्हणजे जुगारातून दानधर्म होतो, हा युक्तिवाद तेव्हाही माहीत होता. आजची लॉटरी खाती तोच करतात.

मला इथे फिक्हमधली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. घोड्यांची शर्यत आणि तिरंदाजी यांत कौशल्य आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यांवर बक्षीस लावायला फकीहांनी परवानगीही दिली. मात्र अट घातली. बक्षीस तिसऱ्याने लावले तर चालेल, एकाच स्पर्धकाने लावले तरी चालेल. दोघांनी एकमेकांविरुद्ध पैसे लावले तर बहुतेकांच्या मते तो जुगार. त्यातून सुटका हवी असेल तर काहीही न लावणारा तिसरा स्पर्धक, ‘मुहल्लिल’, शर्यतीत हवा. इब्न तैमियांसारख्यांनी या अटीला विरोध केला, तो भाग वेगळा. लक्षात घेण्याजोगी बाब ही की त्यांनी हात किती सराईत आहे हे मोजले नाही. कुणाचा पैसा कुणाच्या खिशात जातो, हे विचारले.

आता पोकरकडे येऊ. खऱ्या पैशांचे पहिले ऑनलाइन टेबल ‘प्लॅनेट पोकर’ या साइटने १९९८च्या सुरुवातीला उघडले. लोकांची पहिली शंका साहजिक होती. पत्ते पिसतो कोण? समोर माणूस नाही, हात दिसत नाहीत. ही शंका दूर करायला या साइटचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने पत्ते पिसण्याचा आपला प्रोग्रॅमच जाहीर केला. बघा, आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही.

१९९९ साली अमेरिकेतल्या काही संगणक सुरक्षा तज्ज्ञांनी तो वाचला आणि त्यांना धक्काच बसला. बावन्न पत्ते किती प्रकारे लागू शकतात? तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात. पण संगणक खरा ‘यादृच्छिक’ आकडा काढत नाही. एका बीज-संख्येपासून तो पुढची सगळी मालिका हिशोबाने तयार करतो. या प्रोग्रॅममध्ये ते बीज म्हणजे मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, हा आकडा होता. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे ६८ अंकी शक्यतांपैकी फक्त ८ कोटी ६४ लाख जुळण्या त्या टेबलवर कधी येऊ शकत होत्या. साइटच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवले की शक्यता साधारण दोन लाखांवर येत. आपल्या हातातले दोन पत्ते आणि टेबलवर उघडलेले तीन, असे पाच पत्ते कळले की साध्या संगणकावर क्षणात उत्तर निघे. कुणाच्या हातात काय आहे आणि पुढे कोणता पत्ता येणार, सगळे. त्या तज्ज्ञांनी हे करून दाखवले आणि कंपनीला कळवले. प्रोग्रॅम बदलला गेला.

या प्रसंगाचा एक चांगला परिणाम झाला. पुढच्या कंपन्यांनी पत्ते पिसण्याची यंत्रणा बाहेरच्या तपासनिसांकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. ‘संगणक मुद्दाम आपल्याला हरवतो’ हे हरलेल्या खेळाडूचे आवडते वाक्य आजही ऐकू येते. मोठ्या साइट्सबाबत ते बहुतेक वेळा खरे नसते. घात दुसरीकडून होतो.

२००१मध्ये ‘पार्टीपोकर’ आणि ‘पोकरस्टार्स’ सुरू झाले. पार्टीपोकरचे सॉफ्टवेअर लिहिणारा अनुराग दीक्षित हा दिल्ली आयआयटीचा पदवीधर, आणि कंपनीच्या कामकाजाचा मोठा भाग हैदराबादेतून चाले. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला एक हिशोबनीस पोकरस्टार्सवरच्या किरकोळ प्रवेश शुल्काच्या स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. आडनाव खरेच मनीमेकर होते. एवढी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, २००६मध्ये ८,७७३. पार्टीपोकरची मूळ कंपनी २००५ साली लंडनच्या शेअर बाजारात आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा साइट्सना पैसे पोहोचवणाऱ्या बँकांवर निर्बंध आणले आणि कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. दीक्षितने २००८मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

या कंपन्या कमावतात कशा, हे नीट समजून घ्यायला हवे. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कंपनी प्रत्येक डावातून थोडे टक्के कापून घेते, आपल्याकडच्या अड्डेवाल्यासारखे. तिला कोण जिंकले याच्याशी देणेघेणे नसते. डाव होत राहणे तिला हवे असते. खऱ्या टेबलवर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पडद्यावर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि माणूस एकाच वेळी चार, आठ, बारा टेबले उघडू शकतो. नाक्यावर पत्ते खेळणाऱ्याला मोहल्ला नावे ठेवतो. बारा टेबलांवर खेळणारा मुलगा घरच्यांना अभ्यास करताना दिसतो.

इथे सॉफ्टवेअर मदतीला आले. साइट प्रत्येक डावाची नोंद खेळाडूच्या संगणकावर ठेवत असे. कुणी किती लावले, कुणी कधी पत्ते टाकले, शेवटी काय उघडले. ‘पोकरट्रॅकर’सारख्या प्रोग्रॅमनी या नोंदी गोळा करून त्यांची आकडेवारी काढायला सुरुवात केली. पुढची पायरी म्हणजे हे आकडे खेळ चालू असतानाच प्रत्येक भिडूच्या नावाशेजारी झळकू लागले. हा माणूस शंभरातले किती डाव खेळतो, किती वेळा बोली वाढवतो, दबाव आला की किती वेळा पळतो. शंभरातले साठ डाव खेळणारा नवखा असतो, हे कळायला चेहरा पाहण्याची गरज उरली नाही. व्यावसायिकांच्या भाषेत त्याला ‘मासा’ म्हणतात.

या सॉफ्टवेअरचा सरळ उपयोगही होता, तो नाकारता येणार नाही. स्वतःची नोंद पाहिली की माणसाला कळते की तो रात्री दोननंतर हरतो, किंवा मोठा डाव गेल्यावर पुढचे वीस डाव वेड्यासारखे खेळतो. या अवस्थेला पोकरमध्ये ‘टिल्ट’ म्हणतात. गेलेले पैसे लगेच परत मिळवण्याची घाई हा जुगारातला सर्वांत जुना आजार, आणि ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून त्याची नोंद आहे. ट्रॅकरने त्याला आकडा दिला. पण आरसा म्हणून हे सॉफ्टवेअर वापरणारे थोडे. जास्त लोकांनी ते दुर्बीण म्हणून वापरले. पुढे तर असे प्रोग्रॅम आले, जे टेबलांवर पाळत ठेवत आणि एखादा ‘मासा’ येऊन बसला की क्षणात त्याच्या बाजूची सोयीची खुर्ची पकडत. नवा माणूस बसताच टेबल भरे आणि तो उठताच रिकामे होई. अखेर साइट्सनाच भीती वाटली. मासे संपले तर तळे कशाला? काहींनी टेबले निनावी केली, पार्टीपोकरने २०१९मध्ये अशी आकडेवारी दाखवणारी सॉफ्टवेअर बंद केली.

कौशल्याचा मुद्दा इथे पूर्ण उलटा होतो. नशिबाच्या खेळात अडाण्यालाही कधीतरी घबाड मिळते. कौशल्याच्या खेळात, त्यातही समोरच्याकडे तुमच्या हजारो डावांची वही असताना, कच्च्या खेळाडूचे हरणे जवळपास ठरलेले असते. खेळात कौशल्य जितके जास्त, तितका दुर्बळाचा तोटा पक्का. कंपन्या न्यायालयात जे आपल्या बचावासाठी मांडत होत्या, तेच खरे तर त्यांच्याविरुद्धचे सर्वांत मोठे साक्षीदार होते.

याच नोंदींनी एकदा चोरही पकडून दिले, ती हकिकत सांगायलाच हवी. २००७च्या सप्टेंबरमध्ये ‘अॅब्सोल्यूट पोकर’ या साइटवर हजार डॉलर प्रवेश शुल्काची स्पर्धा झाली. ‘पॉटरिपर’ या नावाने खेळणारा ती इतक्या अचाट पद्धतीने जिंकला की दुसऱ्या आलेल्या खेळाडूने साइटकडे डावांची नोंद मागितली. साइटने त्याला जी फाइल पाठवली तीत फक्त त्याचे डाव नव्हते. सगळ्या खेळाडूंचे झाकलेले पत्ते होते, कोण कोणत्या संगणकावरून जोडला गेला होता तेही होते, आणि टेबल नुसते पाहत बसलेल्यांची खातीही होती. चुकून पाठवली असावी. फोरमवरच्या खेळाडूंनी ती फाइल डाव-डाव करून वाचली. पॉटरिपरने सुरुवातीचे दोन डाव टाकून दिले होते. मग ३६३ क्रमांकाचे एक खाते टेबल पाहायला येऊन बसले आणि तिथून पुढे पॉटरिपर जवळपास प्रत्येक डाव खेळू लागला. पत्ते टाकले ते समोरच्याकडे राजांची जोडी असताना. ३६३ हे आतले खाते होते. त्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते. धागे कंपनीच्याच माणसांपर्यंत गेले. कॅनडातल्या काह्नावाके आयोगाने, ज्याचा परवाना त्यांच्याकडे होता, कंपनीला पाच लाख डॉलर दंड केला.

लगेच पुढच्या वर्षी ‘अल्टिमेटबेट’ या साइटवर तोच प्रकार उघड झाला. तिथे खेळाडूंनी आपापल्या ट्रॅकरमधले हजारो डाव एकत्र करून एका खात्याच्या जिंकण्याचा दर काढला. तो इतर सर्वांपासून इतका दूर होता की योगायोगाची शक्यताच राहत नव्हती. आयोगाने या फसवणुकीसाठी १९९४चा जागतिक विजेता रस हॅमिल्टन याला जबाबदार धरले. खेळाडूंचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलर परत करावे लागले. पोलिसांनी किंवा नियामकाने शोधलेली ही प्रकरणे नव्हती. वही सांभाळणाऱ्या साध्या खेळाडूंनी ती बाहेर काढली.

१५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या तिन्ही साइट्स एका फटक्यात बंद केल्या. तेव्हा कळले की फुल टिल्टकडे खेळाडूंच्या खात्यांवर सुमारे ३९ कोटी डॉलर दिसत होते, आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. बाकीचे मालकांनी आपसात वाटून घेतले होते. पोकरस्टार्सने २०१२मध्ये ७३ कोटी १० लाख डॉलरचा समझोता करून फुल टिल्ट ताब्यात घेतले, म्हणून लोकांना पैसे मिळण्याची वाट तरी उघडली.

मग यंत्रच खेळायला बसले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातला एक गट अनेक वर्षे पोकर खेळणारे प्रोग्रॅम बनवत होता. २०१५मध्ये त्यांनी जाहीर केले की दोघांमधला, ठराविक बोलीचा टेक्सास होल्डेम त्यांच्या ‘सेफियस’ने व्यवहारात सोडवला आहे. २०१७च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत ‘लिब्राटस’ या प्रोग्रॅमने चार अव्वल खेळाडूंना वीस दिवसांत, १ लाख २० हजार डावांमध्ये हरवले. २०१९मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलवरही तेच केले. हे प्रोग्रॅम शिकतात कसे, याची गंमत आहे. ते स्वतःशीच अब्जावधी डाव खेळतात आणि प्रत्येक डावानंतर हिशोब करतात की दुसरे काही केले असते तर किती वाचले असते. संशोधकांनी या राशीला ‘रिग्रेट’, म्हणजे पश्चात्ताप, असेच नाव दिले आहे. हा पश्चात्ताप कमी कमी करत नेला की खेळ निर्दोष होत जातो. माणसाची तौबा एका रात्रीत मोडते, यंत्राची मोडत नाही. याच काळात हे गणित ‘सॉल्व्हर’ म्हणून बाजारात मिळू लागले. आज व्यावसायिक खेळाडू त्यावर तासन्‌तास सराव करतो, आणि नवखा समजतो की आपण एका माणसासमोर बसलो आहोत.

आता आपल्याकडचा न्यायालयीन इतिहास. मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा, आणि ‘केवळ कौशल्याच्या’ खेळांना सूट त्यात आहे. हा शब्द मोठा झाला तो आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या प्रकरणामुळे. ते बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवत. अंक मुंबई राज्यात खपे, कूपन इथून भरले जाई, पैसा बाहेर जाई. मुंबई सरकारने कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७मध्ये न्यायालयाने सांगितले की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. मात्र ज्या स्पर्धेत कौशल्याला पुरेसे स्थान आहे ती वेगळी. राज्याबाहेरून चालणारा, घरबसल्या खेळायचा खेळ म्हणजे आजच्या अॅपचा आजोबाच.

१९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्तीसारख्या खेळांपासून त्याला वेगळे काढले. पुढची पन्नास वर्षे प्रत्येक रमी अॅपच्या वकिलाच्या हातात हा निकाल होता. त्यातच न्यायालयाने आणखी एक गोष्ट म्हटली होती. पैसे लावून चाललेल्या खेळातून घरमालक किंवा क्लब नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. ही ओळ कुणाला आठवत नसे. फकीहांनी विचारलेला प्रश्न त्या ओळीत होता.

पोकरचे तर विचारूच नका. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले, नागालँडने २०१६मध्ये कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातले, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये जुगार ठरवले. गोव्यात तो कॅसिनोत चालतो, पण गोवेकरांना कॅसिनोत जायला मनाई आहे. आपल्या लोकांसाठी वाईट आणि पाहुण्यांसाठी चालेल, असे सांगणारा हा अजब प्रामाणिकपणा मला आवडतो.

२०२५चा कायदा खेळाडूला गुन्हेगार मानत नाही. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही आहे. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. परदेशी साइट्स आणि टेलिग्रामवरचे दलाल मात्र कुठल्याही संसदेच्या कक्षेत सहज येत नाहीत, आणि ज्याला सवय लागली आहे तो तिकडे वळतो. बंदी घालणाऱ्या प्रत्येक देशाचा हा अनुभव आहे.

अशा माणसासाठी आता वेगळ्या जातीचे सॉफ्टवेअर आहे. ब्रिटनमध्ये २०१८पासून ‘गॅमस्टॉप’ आहे. तिथे एकदा नाव नोंदवले की परवानाधारक साइट त्या माणसाला खेळू देऊ शकत नाही. ते आपल्याकडे लागू नाही. ‘बेटब्लॉकर’ मात्र कुठेही चालते. एका धर्मादाय संस्थेचे हे अॅप मोफत आहे, नाव विचारत नाही, आणि मोबाइलवर जुगाराच्या हजारो साइट्स उघडू देत नाही. मुदत आधी ठरवायची असते आणि एकदा ठरवली की ती संपेपर्यंत स्वतःलाही काढता येत नाही. सकाळी शुद्धीवर असलेला माणूस रात्री दोनच्या माणसाच्या हातातून फोन काढून घेतो, असे काहीसे. घरात कुणी या फेऱ्यात असेल तर ओरडण्याआधी ते त्याच्याबरोबर बसून, त्याच्याच हाताने टाकून घ्यावे. कर्जाची बोली सुरू झाली असेल, झोप उडाली असेल तर सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.